पासष्ट वर्षांवरील व्यक्ती : लांजा तालुक्यातील एका टाळेबंदीची नोंद

साथींच्या इतिहासावरील या मालिकेत मुंबईचा प्लेग आणि १९१८ ची मानमोडी यांविषयी लिहून झाले आहे. आजचा धागा अगदी अलीकडच्या काळाचा आहे. त्याचे मुख्य साधन कोणत्याही अभिलेखागारात नाही. ते लांजा तालुक्यातील एका वाडीत, माझ्या आजीच्या माजघरातील भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या कायद्याकडे पाहणे आवश्यक आहे.

१८९७ चा साथरोग अधिनियम मूळचा अवघ्या चार कलमांचा. मुंबईत प्लेग फोफावला असताना ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो संमत झाला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाविरुद्ध प्रथम उपसले ते हेच शस्त्र. त्याचे दुसरे कलम लक्षपूर्वक वाचावे. आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी, संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची पाहणी, अशी त्यातील भाषा आहे. कायद्याची नजर हिंडत्याफिरत्या माणसावर खिळलेली आहे. जो कोठेच जात नाही, ज्याच्याकडे इतर येतात, असा माणूस त्या कलमांना ठाऊक नाही.

तो माणूस शासकीय कागदावर ठळकपणे उमटला तो २०२० मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यातील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एक ओळ होती : ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले, गर्भवती स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घरातच राहावे. त्या ओळीच्या आत दिवस कसा उगवत होता आणि कसा मावळत होता, हे सांगणारा कागद मात्र शासनाने निर्माण केला नाही. तशी अपेक्षाही करता येत नाही.

(रत्नागिरी जिल्ह्याला स्थानबद्धता नवी नव्हे, हे जाता जाता नोंदवतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या अटीवर येथे राहिले. आणि १९२४ मध्ये रत्नागिरीत प्लेग उद्भवल्यामुळेच त्यांना काही काळ नाशिकला राहण्याची मुभा मिळाली होती.)

आता त्या साधनाविषयी. ते म्हणजे २०२० सालचे ‘कालनिर्णय’. मराठी घरात दिनदर्शिका केवळ तिथी पाहण्यासाठी नसते. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कोंबडी खुडूक बसल्याचा दिवस, कोणाकडे किती नारळ दिले, हे सारे त्या चौकटींत जाते. आजी त्या वर्षी ८२ वर्षांची होती. चौथीपर्यंत शिकलेली; अक्षर मोठे आणि सरळ. घरात ती एकटीच राहत असे. तिच्या चौकटींत वाक्ये नाहीत. खुणा, आकडे आणि फार तर दोन-तीन शब्द आहेत.

तिचे एकटे राहणे टाळेबंदीमुळे आलेले नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून हा जिल्हा कर्ती माणसे बाहेर पाठवत आला आणि मनीऑर्डरवर जगत आला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची एकूण लोकसंख्या २००१ च्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली होती. देशाची लोकसंख्या वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी हा एक. वाडीतील अर्ध्या घरांना कुलूप आणि उरलेल्यांत एखाद-दुसरे वृद्ध माणूस, हे दृश्य करोनाच्या कितीतरी आधीचे आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये वृत्तपत्रांतून ‘एकटे पडलेले ज्येष्ठ’ या विषयावर पुष्कळ लेखन झाले. ते शहरांपुरते खरे असेल. कोकणातील वाडीला ते लागू करताना मला अडखळायला होते.

मग तेथे काय बदलले? आजीचा दिवस ऐकताना माझ्या लक्षात आले की त्याचा प्रत्येक टप्पा दुसऱ्या कोणाच्या तरी येण्याशी बांधलेला होता. मुक्कामाला आलेली वस्तीची एस.टी. सकाळी साडेसहाला सुटे. तिचा हॉर्न ऐकू येईपर्यंत चूल पेटून आंघोळीचे पाणी तापलेले असले पाहिजे. पेज खाऊन खळे झाडून होते न होते तोच पाटीवाली मासे घेऊन येई. दुपारी पोस्टमन. चारच्या गाडीने लांज्याच्या बाजारातून परतणारी शेजारीण, आणि तिच्या पिशवीतून आलेली बातमी. रात्री परत वस्तीची गाडी. घरात भिंतीवर घड्याळ होते, पण ते पाहण्याचे प्रयोजन क्वचितच पडत असे.

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली. २४ तारखेच्या रात्री देशव्यापी टाळेबंदी घोषित झाली आणि तिचा पहिला दिवस, २५ मार्च, हा नेमका गुढीपाडवा होता. त्या चौकटीत आजीने लिहिले आहे : ‘गुढी. गाडी नाही.’ पुढील दोन दिवशीही ‘गाडी नाही’. त्यानंतर ते लिहिणे थांबते. जे घडत नाही त्याची नोंद माणूस किती दिवस ठेवणार?

पहिल्या पंधरवड्यात ती कामात बुडालेली दिसते. ऋतूच तसा होता. काजू गळू लागलेले, त्यामुळे रोज बिया वेचणे. लाकूडफाटा मांगरात भरणे. आमसुले, आंबोशी, सांडगे, कुळीथ-तांदूळ डब्यांत भरून ठेवणे. याला ती आगोटीची बेगमी म्हणते. शहरातील दुकानांपुढे लागलेल्या रांगा दूरदर्शनवर पाहून तिला नवल वाटले असे ती सांगते, आणि ते समजण्यासारखे आहे. तिच्या पिढीच्या कोकणाला दरवर्षी एक टाळेबंदी ठाऊक होती. मेअखेरीस आगबोटी थांबत, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद राही, नद्या-वहाळ फुगले की लांज्यासारख्या आतल्या भागाचीही वाट तुटे. चार महिने पुरेल एवढे घरात असलेच पाहिजे, हा तेथील गृहव्यवस्थेचा पाया. “पावसात तरी आम्ही कुठे जात होतो गो?” असे तिने माझ्या चुलत बहिणीला विचारले होते.

२८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यास आरंभ झाला, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. १९८७ मध्ये ती मालिका तिने वाडीतील एकमेव संचावर, इतरांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून पाहिली होती. आता स्वतःच्या घरात एकटीने पाहिली. सकाळी साडेसहाची जागा नऊने घेतली. इतकेच सांगून पुढे जातो, कारण खरा प्रश्न निराळा आहे.

आजीच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका असतो. तो रक्तदाबाच्या गोळीचा. गोळी घेतली की ठिपका. १४ मार्चला लांज्याहून ती तीस गोळ्या घेऊन आली, असे त्या दिवशीच्या नोंदीवरून दिसते. १४ ते २६ मार्च रोज एक ठिपका आहे, म्हणजे तेरा गोळ्या. सतरा उरल्या. २७ मार्चपासून ठिपका एक दिवसाआड येऊ लागतो. २९, ३१, २ एप्रिल, ४ एप्रिल. तो क्रम २८ एप्रिलपर्यंत चालतो आणि मोजले तर बरोबर सतरा ठिपके भरतात. २९ एप्रिल, ३० एप्रिल, १ मे, २ मे या चार चौकटींत ठिपका नाही. ३ मेपासून तो पुन्हा रोज दिसतो.

२०२३ मध्ये मी तिची रीतसर मुलाखत घेतली, ध्वनिमुद्रित केली. मौखिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात शिकवतात तसे मोकळे प्रश्न विचारले. औषधांची अडचण झाली का? “नाही. गोळ्या होत्या.” तेच उत्तर तिने एप्रिल २०२० मध्ये दूरध्वनीवर आम्हा सर्वांना दिले होते. गोळ्या आहेत ना? आहेत. आणि ते अक्षरशः खरे होते. गोळ्या होत्या, कारण ती त्या घेत नव्हती.

मुलाखतीनंतर काही महिन्यांनी जुनी दिनदर्शिका चाळताना ठिपके दिसले. साक्ष आणि लेख यांत विसंगती आढळली तर काय करावे, याविषयी आमच्या विषयात पुष्कळ लिहिले गेले आहे. सहसा आपण एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवतो. येथे दोन्ही खरे आहेत. दिनदर्शिका तिने स्वतःसाठी लिहिली होती आणि उत्तर आमच्यासाठी दिले होते. पंतप्रधानांनी एकवीस दिवस म्हटले होते. सतरा गोळ्या घेऊन बसलेल्या बाईने तिसऱ्याच दिवशी हिशेब केला की हे एकवीस दिवसांत संपणार नाही. आपल्या संशोधनसंस्थांतून त्या आठवड्यात मांडल्या गेलेल्या कित्येक अंदाजांपेक्षा हा अंदाज अधिक अचूक होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

ठिपके दाखवून मी पुन्हा विचारले तेव्हा ती प्रथम रागावली. मग म्हणाली, एका गोळीसाठी कोणाच्या पोराला रस्त्यावर पोलिसांची काठी खायला पाठवायचे? औषधांची दुकाने टाळेबंदीतही उघडी होती. कोणत्याही शासकीय आदेशात औषध बंद नव्हते. दुकान आणि वाडी यांच्या मधली गाडी बंद होती. ‘अत्यावश्यक सेवा सुरू राहतील’ या वाक्यात हे अंतर धरलेले नव्हते. ३ मेच्या सुमारास गावच्या ग्राम कृती दलातील एका तरुणाने घरोघरच्या औषधांची यादी केली आणि दुचाकीवरून लांज्याहून सर्वांची एकत्र औषधे आणली. तोवरच्या सदतीस दिवसांत तिच्या शरीरात काय घडले हे सांगणारे कोणतेही साधन उपलब्ध नाही. ३० एप्रिलच्या चौकटीत ‘घेरी’ एवढा एकच शब्द आहे.

मेमध्ये दुसरे पर्व सुरू होते, आणि येथे इतिहासाची एक विलक्षण उलटापालट दिसते. प्रवासाचे परवाने मिळू लागले तसे मुंबईतील चाकरमानी गावाकडे निघाले. त्याआधीही कित्येकजण महामार्गाने वा कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले होते. कशेडी घाटातील नाक्यावर तपासणी, हातावर शिक्का, मग गावच्या शाळेत किंवा घरी चौदा दिवस. मागील एका धाग्यात आपण पाहिले की १८९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून पावणेचार लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. त्यांतली हजारो आगबोटींनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा आणि आता, दोन्ही वेळा रोगाच्या भीतीने शहर सोडलेल्या माणसाला दार उघडणारे हात बहुधा वृद्धांचेच होते.

फरक आहे तो रोगाच्या निवडीत. १९१८ च्या मानमोडीने वीस ते चाळीस वयातील धडधाकट माणसे प्रामुख्याने नेली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. त्या साथीत म्हातारी माणसे तुलनेने वाचली आणि नातवंडे वाढवत राहिली. आजीची सासू अशाच एका घरात आजीकडे वाढलेली. २०२० च्या साथीने ती निवड उलटी केली. आता येणारा मुलगाच आईसाठी धोका होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

माझे काका विरारहून १६ मे रोजी आले. त्या चौकटीत ‘१’ हा आकडा आहे, पुढच्या चौकटीत ‘२’, आणि २९ मे रोजी ‘१४’. काका मांगरात राहिले. आजी खळ्याच्या कडेला ताट ठेवून मागे सरे, मग ते येऊन घेत. भांडी त्यांनीच घासायची, राखेने, आणि उन्हात पालथी घालायची. बोलणे मोठ्याने, पंधरा पावलांवरून. हे सारे तिने कोणत्याही पत्रकाविना बसवले. बाळंतिणीचे दिवस, सुतकाचे दिवस, ‘बाहेर बसण्याचे’ दिवस मोजत तिचे आयुष्य गेले होते. दिवस मोजून माणसाला दूर ठेवण्याची आणि मोजून झाल्यावर परत आत घेण्याची एक तयार व्यवस्था तिच्याजवळ होती.

या व्यवस्थेचे कौतुक करणारे पुष्कळ संदेश त्या काळात फिरत होते. ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा त्यांचा सूर असे. त्याला मी सहमत नाही. याच शब्दसंग्रहात विटाळ आहे, शिवाशीव आहे, आणि तो काही माणसांच्या बाबतीत चौदा दिवसांनी संपत नसे. २०२० मध्येही कित्येक गावांनी वेशीवर झाडे आडवी टाकून आणि फलक लावून मुंबईकरांना रोखले. ज्यांच्या मनीऑर्डरवर गावची देवळे आणि शाळा उभ्या राहिल्या, त्यांनाच. आजीच्या मोजणीत आणि वेशीवरच्या त्या आडव्या झाडांत मला एवढाच भेद दिसतो की तिच्या चौकटींत पहिल्याच दिवशी चौदावा दिवस धरलेला होता. ३० मेच्या चौकटीत ‘आत आला. वडे’ असे लिहिले आहे.

पावसाळा भरभर सरतो. भाताच्या लावणीला काका होते, त्यामुळे कित्येक वर्षे पडीक असलेला एक कोपरा लागवडीखाली आला. २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोचून दहा दिवस अलग राहावे, असा नियम शासनाने केला होता. इतकी रजा आमच्या घरी कोणालाच नव्हती. घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. आमची मूर्ती तशीही दीड फुटांचीच असते. आरतीला शेजारचे कोणी आले नाही, वाडीतले भजन फिरले नाही. त्या पाच चौकटींत आजीने काहीच लिहिलेले नाही. मुलाखतीतही या विषयावर ती फारसे बोलली नाही, आणि मी पुढे विचारले नाही.

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आशा कार्यकर्ती घरी आली, आजीचे तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजून वहीत उतरवून गेली. भविष्यातील संशोधकाला शासकीय दप्तरात आजी सापडली तर ती या दोन आकड्यांच्या रूपाने सापडेल. रक्तदाबही मोजायचा होता का, ते ठाऊक नाही. तो त्या दिवशी मोजला गेला नाही, असे ती सांगते.

टाळेबंदी केव्हा संपली? पाठ्यपुस्तकात बहुधा जून २०२० मधला ‘पुनश्च हरिओम’चा दिवस येईल. आंतरजिल्हा एस.टी. २० ऑगस्टला सुरू झाली. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील व्यक्तींना लस मिळू लागली, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा सारे बंद केले. पण आजीच्या वाडीची वस्तीची गाडी या कोणत्याही दिवशी परत आली नाही. प्रवासी नाहीत, असे कारण सांगितले गेले. मग २०२१ च्या हिवाळ्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, तेव्हाही वाडीत गाडी येत नव्हती. सवलत घेण्यासाठी आजीला तीन किलोमीटर चालत फाट्यावर जावे लागले असते.

२०२२ च्या दिनदर्शिकेवर, दिवाळीनंतरच्या एका चौकटीत, गोळीच्या ठिपक्याशेजारी ‘गाडी आली ६-४०’ अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी ‘६-३५’. तिसऱ्या दिवशीपासून केवळ ठिपका.